बारा कोटी ठिपके आणि तात्यांचे सहा गुंठे: मेमरी एरर गप्प बसते तेव्हा

जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी बारामतीच्या उसाचं उदाहरण दिलं आणि आमच्या भागातले सगळे व्हॉट्सॲप ग्रुप त्या व्हिडिओने भरून गेले. बारामतीची ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांचा हा प्रकल्प. उपग्रहाची चित्रं, हवामान आणि मातीतल्या सेन्सरची माहिती एकत्र करायची आणि शेतकऱ्याला मोबाईलवर सल्ला द्यायचा, असं त्याचं स्वरूप आहे. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९ मंजूर केलं. म्हणजे आज जे बारामतीत दिसतंय, ते उद्या राज्यभर नेण्याचा विचार आहे.

या बातम्यांमध्ये एआयबद्दल भरपूर बोललं जातं. पण उपग्रहाची फाईल उतरवायची, उघडायची, त्यातून आकडा काढायचा आणि तो पुढे पाठवायचा, हे मधलं काम कुणाच्या बोलण्यात येत नाही. या कामाच्या साखळीला डेटा पाइपलाइन म्हणतात. माझी नोकरी याच कामाची आहे. आणि ही पाइपलाइन मेमरी संपून मधेच मेली, तर शेतात काय होतं, हे मी स्वतःच्या घरात पाहिलंय. या लेखात तेच सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पुढची फजिती पूर्णपणे माझ्या घरगुती स्क्रिप्टची आहे. बारामतीच्या प्रकल्पाशी तिचा काहीही संबंध नाही.

उपग्रह फुकट, लॅपटॉप जुना

माझं गाव निरवांगी, इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या काठावर. घरची शेती आप्पा आणि तात्या, म्हणजे वडील आणि चुलते बघतात. शेती म्हणजे मुख्यतः ऊस. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. तो व्हिडिओ पाहिल्यावर डोक्यात किडा वळवळला: आपल्या उसासाठी असं काही छोटं आपणच का करू नये?

युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत. ते दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि त्यांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. या चित्रातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरच्या दहा मीटर बाय दहा मीटर जागेचा असतो. शंभर चौरस मीटर. आता गावाकडच्या मुलांनी इथे थांबून हिशोब करावा: एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे एक गुंठा, एक ठिपका! एकरात चाळीस गुंठे, म्हणजे चाळीस ठिपके. सातबारा वाचता येणाऱ्याला उपग्रहाचं चित्र समजायला यापेक्षा सोपी किल्ली नाही.

हिरवं, निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन आकड्यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज केली की एक अपूर्णांक मिळतो. त्याला एनडीव्हीआय म्हणतात. दाट हिरव्या पिकात तो एकाच्या दिशेने चढतो, मोकळ्या जमिनीवर खाली राहतो.

फेब्रुवारीत मी स्क्रिप्ट लिहिली. तिच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली पायरी नवी चित्राची फाईल उतरवणार. दुसरी एनडीव्हीआय काढून प्रत्येक शेताची सरासरी एका छोट्या फाईलमध्ये लिहिणार. तिसरी ती फाईल वाचून टेलिग्रामवर मेसेज पाठवणार. आप्पा, तात्या आणि शेजारचे पाच-सहा शेतकरी, एवढाच पसारा. मेसेजही साधा: "आजची स्थिती. तात्या, खालची पट्टी: ०.७२. ठीक." आकडा ०.६५ च्या वर असेल तर "ठीक", खाली गेला तर "बघून या". ही ०.६५ ची रेघ मी माझ्या अंदाजाने ओढली होती. सगळं चालायचं माझ्या खोलीवरच्या आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर.

दोन महिने झकास चाललं. तात्या पारावर सांगायचे, "पोरगं पुण्यात बसून आमच्या उसावर नजर ठेवतंय."

तात्यांचा फोन

एप्रिलमध्ये मी एक सुधारणा केली. नुसता आजचा आकडा सांगण्याऐवजी मागच्या तीन चित्रांशी तुलना करायची, म्हणजे आकडा चढतोय की उतरतोय ते कळेल. बदल छोटा होता. मी घाईत होतो, एकदा चालवून पाहिलं, मेसेज गेला, विषय संपला.

दोन-अडीच आठवड्यांनी तात्यांचा फोन.

"काय रं, तुझा उपग्रह रजेवर गेलाय का?"

"का तात्या? मेसेज येतायत की."

"येत्यात. दर येळेला ठीक हाय म्हणतंय. आन् खालच्या अंगाला सहा गुंठे ऊस वाळलाय. लॅटरल चोकअप झाल्यात, पाणीच पोचलं न्हाय. तुझ्या मशीनीनं ठीक सांगितलं म्हणून मी आत गेलोच न्हाय."

तात्यांची चूक नव्हती. आडसाली ऊस एप्रिलमध्ये डोक्याच्या वर गेलेला असतो. आत शिरायचं म्हणजे पात्यांनी हात-तोंड कापून घ्यायचं. रात्रीची लाईट, मोटर चालू-बंद करणं, त्यात वय साठीच्या पुढे. मोबाईल "ठीक" सांगतोय म्हटल्यावर कोण जाईल? एरवी ते चार दिवसांआड कडेकडेने तरी फेरी मारायचे. माझ्या मेसेजने ती फेरी बंद केली.

त्या रात्री लॅपटॉप उघडून मागे जात गेलो. पहिल्या पायरीने फाईली नीट उतरवल्या होत्या. दुसरी पायरी तीनही वेळा मधेच मेली होती. काळ्या पडद्यावर तीच ओळ तीन वेळा, एका शब्दाची: किल्ड. मारला गेला. आणि तिसऱ्या पायरीला याची काही खबरच नव्हती. तिला फोल्डरमध्ये जुनी फाईल दिसली, तिने ती वाचली आणि इमानदारीने पाठवली. तीन मेसेज, तिन्हींत तोच ०.७२, आणि वर माझाच मथळा: "आजची स्थिती".

'किल्ड' तुमच्या फोनमध्येही रोज होतं

हा प्रकार तुम्हाला नवीन नाही. एखादा लांबलचक फॉर्म भरताय. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात, मधे एक रील पाहिली, परत आलात तर फॉर्म कोरा. ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपण म्हणतो, "फोन हँग झाला." खरं तर फोनने नीट विचार करून ते ॲप मारलेलं असतं.

रॅम मर्यादित असते. ती संपत आली की अँड्रॉइडमधला एक पहारेकरी कामाला लागतो. कुठलं ॲप समोर आहे, कुठलं मागे पडून आहे, याचा हिशोब त्याच्याकडे असतो. मागे पडलेल्यांपैकी एकाला तो बंद करतो आणि त्याची जागा मोकळी करतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, आणि माझ्या लॅपटॉपवरही लिनक्सच होतं. तिथल्या पहारेकऱ्याला ओओएम किलर म्हणतात, म्हणजे 'मेमरी संपली की मारणारा'. तो साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्याला धरतो.

यातली मेख अशी की मरणाऱ्या प्रोग्रामला शेवटचा शब्द बोलायची संधी मिळत नाही. पायथनमध्ये मेमरीएरर नावाची एक रीतसर चूक आहे. ती आली तर प्रोग्राम ती पकडू शकतो, नोंद करू शकतो, कुणाला तरी कळवू शकतो. पण लिनक्स बहुतेकदा मेमरी मागणाऱ्याला आधी "हो, घे" म्हणतं, आणि प्रत्यक्ष वापरताना जागा संपली की थेट मारतं. म्हणून माझी चूक पकडणारी ओळ कधी चाललीच नाही.

मग खात्री कशी करायची की मेमरीनेच मेलं? दोन खुणा आहेत. पहिली, प्रोग्राम संपताना मागे ठेवलेला आकडा, ज्याला एक्झिट कोड म्हणतात. तो १३७ असेल तर १२८ अधिक ९: नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे सक्तीने मारणं. दुसरी खूण कर्नलच्या लॉगमध्ये असते. कुणाला, कधी आणि किती मेमरी खाताना मारलं, ते तिथे लिहिलेलं असतं. माझ्या लॉगमध्ये तिन्ही खून नोंदलेले होते. मी बघायला गेलो नव्हतो, एवढंच.

चार एमबीचा फोटो, अठ्ठेचाळीस एमबीची रॅम

आता मूळ प्रश्न. उतरवलेल्या फाईली तर आठ जीबीपेक्षा कितीतरी लहान होत्या. मग आठ जीबी कशी संपली?

इथे बहुतेक जण फसतात, मीही फसलो. डिस्कवरची फाईल आणि मेमरीत उघडलेली फाईल यांचा आकार एक नसतो. तुमच्या फोनचा बारा मेगापिक्सेलचा फोटो घ्या. गॅलरीत तो तीन-चार एमबीचा दिसतो, कारण तो दाबून ठेवलेला आहे. उघडला की प्रत्येक ठिपका सुटा होतो: ४००० गुणिले ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, प्रत्येकाला चार बाइट. झाले ४८ एमबी. हवा काढलेली गादी कपाटात मावते, उघडली की खोली व्यापते. तसंच.

सेंटिनेलचं एक चित्र १०,९८० गुणिले १०,९८० ठिपक्यांचं असतं. गुणाकार करा: १२ कोटी ५ लाखांहून जास्त ठिपके. जमिनीवर ही जागा होते सुमारे १२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या पुणे जिल्ह्याच्या तीन चतुर्थांशाहून थोडी जास्त.

प्रत्येक ठिपका मूळ फाईलमध्ये दोन बाइटचा. म्हणजे एका रंगाचं चित्र उघडलं की २४१ एमबी. इथवर ठीक. पण भागाकार करायचा तर अपूर्णांक लागतात, आणि मी आकडे फ्लोट६४ या प्रकारात बदलले होते, ज्यात एका आकड्याला आठ बाइट लागतात. तेच चित्र झालं ९६४ एमबी. आता मोजत चला: लाल रंग एक, अवरक्त दोन, त्यांची वजाबाकी तीन, बेरीज चार, भागाकार पाच. पाच गुणिले ९६४, म्हणजे ४.८ जीबी. एका तारखेसाठी!

फेब्रुवारीतली स्क्रिप्ट एकच तारीख बघायची, त्यामुळे आठ जीबीत कशीबशी निभावत होती. एप्रिलमध्ये मी तुलनेसाठी आधीच्या तारखांचे निकाल यादीत धरून ठेवले. प्रत्येक जुनी तारीख आणखी ९६४ एमबी. वर लॅपटॉपची स्वतःची गरज आणि उघडा ब्राउझर. बदल करून मी एकदा तपासलं तेव्हा तुलनेला फक्त एकच जुनं चित्र उतरवलेलं होतं, म्हणून चाललं. यादी भरली तसं गेलं.

काही जण विचारतील, अपूर्णांकात बदललंच नसतं तर? तर चूक आणखी वाईट झाली असती. मूळ आकडे ऋण होऊ शकत नाहीत अशा प्रकारचे असतात. नीरेच्या पाण्यावर लाल रंगाचा आकडा अवरक्तपेक्षा मोठा असतो. वजाबाकी ऋण यायला हवी, पण या प्रकारात ती उलटी फिरून पासष्ट हजारांच्या आसपास जाते. चूक दाखवत नाही, बंद पडत नाही, फक्त नदी उसापेक्षा हिरवी दिसते.

"रॅम वाढव ना!"

ऑफिसातल्या मित्राला सांगितल्यावर त्याचं पहिलं वाक्य हेच होतं. माझाही हात आधी तिकडेच गेला होता. दुपटीने रॅम टाकली असती तर तीन तारखा निभावल्या असत्या. मग मी दहा तारखा केल्या असत्या आणि स्क्रिप्ट पुन्हा मेली असती.

शिवाय रॅम आता पूर्वीसारखी स्वस्त राहिलेली नाही. जगातली बहुतेक डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या सर्व्हरना लागणारी खास मेमरी बनवण्यात जास्त पैसा आहे, त्यामुळे कारखान्यांचा कल तिकडे गेला आणि २०२५ च्या शेवटी साध्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रूशल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. याची झळ लॅपटॉपला बसते तशी फोनलाही बसते. म्हणजे एकीकडे एआय शेताच्या बांधावर येतोय, आणि दुसरीकडे त्याच एआयच्या भुकेमुळे बांधावरच्या माणसाच्या हातातली रॅम महाग होतेय.

मग फोनच्या खोक्यावर "८ अधिक ८ जीबी" लिहिलेलं असतं, ते काय? ती दुसरी आठ जीबी खरी रॅम नाही. स्टोरेजचा एक कोपरा रॅमसारखा वापरायला दिलेला असतो. मागे पडलेली ॲप तिथे थोडी जास्त टिकतात, पण स्टोरेज रॅमपेक्षा खूप मंद. लॅपटॉपवरही अशी सोय असते, स्वॅप नावाची. माझा लॅपटॉप मरण्याआधी अर्धा तास कण्हत होता, तो यामुळेच.

दुरुस्ती: अख्खा जिल्हा कशाला उघडतोस?

मित्राचं दुसरं वाक्य जास्त कामाचं होतं: "तुला बघायचंय किती, आणि तू उघडतोस किती?"

आमच्या सगळ्यांची शेतं सहा किलोमीटर बाय सहा किलोमीटरच्या चौकोनात बसतात. म्हणजे ६०० गुणिले ६००, ३ लाख ६० हजार ठिपके. त्यासाठी मी बारा कोटी ठिपके उघडत होतो. एका घराचा उतारा हवा म्हणून तलाठी कार्यालयातली सगळी कपाटं रिकामी करून जमिनीवर पसरण्यासारखं.

सेंटिनेलच्या या फाईली आतून १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांच्या चौकटींमध्ये विभागलेल्या असतात. वाचणाऱ्या लायब्ररीला "मला एवढाच तुकडा दे" असं सांगता येतं. मग ती फक्त त्या तुकड्याला लागणाऱ्या चौकटी उघडते. माझ्या चौकोनाला जास्तीत जास्त चार. ही पहिली दुरुस्ती.

दुसरी, फ्लोट६४ ऐवजी फ्लोट३२. एनडीव्हीआयला दोन-तीन दशांश स्थळं पुरतात, पंधरा कशाला? आकार थेट निम्मा.

तिसरी, प्रत्येक तारीख स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालवायची. निकाल छोट्या फाईलमध्ये लिहायचा आणि प्रोग्राम संपवायचा. संपलेल्या प्रोग्रामची सगळी मेमरी परत मिळते. यादीत काही साठत नाही.

हिशोब पुन्हा केला: ३ लाख ६० हजार गुणिले चार बाइट, म्हणजे १.४ एमबी. पाच वेळा धरलं तरी ७ एमबी. आधी ४.८ जीबी होतं. तोच लॅपटॉप, तीच रॅम. एक रुपया खर्च नाही.

तुम्ही कॉलेजात प्रोजेक्ट करत असाल आणि मोठी सीएसव्ही फाईल उघडताना सगळं मरत असेल, तर क्रम हाच ठेवा. आधी मेमरीनेच मेलं याची खात्री करा. मग सर्वाधिक किती मेमरी लागली ते मोजा. मग कागदावर गुणाकार करा: किती ओळी, किती रकाने, एकाला किती बाइट. त्यानंतर हवे तेवढेच रकाने घ्या, फाईल तुकड्या-तुकड्याने वाचा, आणि जुनं हातात धरून बसू नका. रॅम विकत घेणं या यादीत सगळ्यात शेवटी.

ओरडणारी चूक आणि गप्प चूक

पण मेमरी दुरुस्त झाली म्हणून माझं पाप फिटलं नाही. तात्यांचा ऊस मेमरी संपल्याने वाळला नव्हता. स्क्रिप्ट मेली असती आणि मेसेज आलाच नसता, तर तात्या स्वतः आत गेले असते. नुकसान केलं ते तिसऱ्या पायरीने, जी काहीच झालं नाही अशी वागली.

जगातल्या दोन घटना शेजारी ठेवून बघा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक फाईल जगभरातल्या विंडोज संगणकांवर गेली. वाचणाऱ्या प्रोग्रामकडे वीसच रकाने होते, आणि नव्या फाईलमुळे तो एकविसावा शोधायला गेला. मेमरीत जिथे आपलं काही नाही तिथे हात घातला आणि संगणक कोसळला. सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. प्रचंड गोंधळ झाला, पण काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांना त्याच क्षणी कळलं.

दुसरी घटना इंग्लंडमधली, २०२० ची. कोरोना चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ओतले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. फाईल भरली, उरलेल्या ओळी गळून पडल्या. कुठलाही पडदा निळा झाला नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित आकडेवारीत वेळेवर आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना गाठायला उशीर झाला. ही मेमरीची चूक नव्हे, पण जात तीच: भांडं भरलं, उतू गेलं, आणि कुणी बघितलं नाही.

माझी स्क्रिप्ट दुसऱ्या घटनेची लहान बहीण होती. म्हणून चौथी दुरुस्ती केली. दुसरी पायरी आता तात्पुरत्या नावाने फाईल लिहिते आणि काम पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव देते. तिसरी पायरी आधी फाईलमधली चित्राची तारीख बघते. तारीख जुनी असेल तर मेसेज जातो: "नवी माहिती नाही. शेवटचं चित्र ५ तारखेचं. स्वतः बघून या." आणि "आजची स्थिती" हे शब्द मी कायमचे काढून टाकले.

सरासरीत लपलेले सहा ठिपके

सगळं नीट झाल्यावर मी एप्रिलची तीच तीन चित्रं पुन्हा चालवली. मला वाटलं होतं आता आकडा धाडकन खाली दिसेल. नाही दिसला.

तात्यांची खालची पट्टी दीड एकराची, म्हणजे साठ गुंठे, साठ ठिपके. त्यातले चौपन्न चांगले, ०.७२ च्या आसपास. सहा वाळलेले, ०.४० च्या आसपास. सरासरी आली ०.६९. माझी रेघ ०.६५ ची. म्हणजे मेमरी संपली नसती, ताजी फाईल वाचली असती, तरी माझ्या मेसेजने "ठीक"च सांगितलं असतं.

हे पचवायला वेळ लागला. मी सगळा दोष ओओएम किलरवर टाकून मोकळा होणार होतो. पण सरासरी ठेवण्याचा निर्णय माझाच होता. शेतापाठी एकच आकडा, म्हणजे मेसेज सुटसुटीत. ज्या सहा गुंठ्यांसाठी हा खटाटोप, तेच सहा गुंठे त्या एका आकड्यात विरघळून गेले. आता स्क्रिप्ट शेताचा प्रत्येक ठिपका जपते. साठ ठिपके म्हणजे मेमरीच्या हिशोबात धूळसुद्धा नाही. एखादा कोपरा बाकीच्या शेतापेक्षा बराच मागे पडला तर मेसेजमध्ये तसं येतं: "खालची पट्टी: दक्षिणेचा कोपरा बघा."

तीन प्रश्न, कुठल्याही ॲपला

येत्या काळात ऊस, कांदा, डाळिंब, सगळ्यांसाठी एआयचे सल्ले मोबाईलवर येतील. ते यायलाच हवेत. पाण्याची एक पाळी वाचली तरी आमच्याकडे ती मोठी गोष्ट असते. पण सल्ला देणारं मॉडेल कितीही हुशार असलं, तरी त्याच्या मागे फाईली उघडणारी, मरणारी, जुनं तेच पुढे ढकलू शकणारी पाइपलाइन असणार. घरातला स्मार्टफोन तुमच्या हातात आहे, आणि आप्पा-तात्यांना ॲप लावून देणारे तुम्हीच आहात. म्हणून लावून देताना तीन प्रश्न विचारा.

एक: ही माहिती कुठल्या तारखेची आहे, ते स्क्रीनवर लिहिलंय का? मेसेज आल्याची तारीख नव्हे, चित्र काढल्याची.

दोन: माहिती मिळाली नाही तर ॲप काय सांगतं? पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाला कित्येक दिवस शेत दिसतच नाही. त्या दिवसांतही ॲप "ठीक" सांगत असेल तर सावध व्हा.

तीन: हा आकडा अख्ख्या शेताचा आहे की कोपऱ्याकोपऱ्याचा?

धोरण आखणाऱ्यांनीही हेच तीन प्रश्न प्रत्येक प्रकल्पाला विचारावेत असं मला वाटतं. किती शेतकरी जोडले, किती सल्ले पाठवले, हे मोजणं सोपं असतं. माझ्या स्क्रिप्टनेही त्या एप्रिलमध्ये एकही मेसेज चुकवला नव्हता.

यंदा तात्यांनी त्या कोपऱ्यातल्या लॅटरल बदलल्या. मेसेज अजून येतात, ते वाचतातही. परवा मी विचारलं, आता भरवसा बसला का? म्हणाले, "तारीख बघतो आधी. आन् मग फेरी मारतोच."